मशीन कसं चुकंल?

मुकुंदवाडी,
छत्रपती संभाजीनगर
रविवार, १८ जानेवारी २०२६

प्रिय आकाशदादा,

सप्रेम जयभीम. वहिनीलाही जयभीम, आणि तुमच्या छोट्या मेघाला पापा. इकडं सगळे बरे. आईचा गुडघा थंडीनं कुरकुरतो, तरी आमच्यापेक्षा जास्त तीच चालते. बाबा मजेत. काल तर फारच. ते पुढं येईलच.

बजाजनगर काही परदेशात नाही, तरी पत्र लिहितेय म्हणून हसशील. फोन केला की तू "बोल, पटकन बोल, शिफ्टला निघालोय" म्हणतोस, आणि मला हे पटकन बोलता येणार नाही. विशाखावहिनी मंगळवारी आईला बघायला येणार आहे, तिच्या हाती देईन. तीच म्हणाली, तुझा बेंजो अजून पलंगाखाली चादरीत गुंडाळलेलाच आहे. चार वर्षं होत आली. तू तो बाहेर काढावास, एवढ्यासाठी हे पत्र.

आधी माझ्या कामाचं सांगते. तू आईला विचारलं होतंस ना, ही दिवसभर कॉम्प्युटरवर काय टिपत बसते म्हणून? पुण्याच्या मोनिका मॅडम संगीत रचतात, हातानं लिहितात. मी ते पाच रेघांच्या नोटेशनमध्ये सॉफ्टवेअरवर उतरवते आणि प्रत्येक वादकाचं वेगळं पान काढून पाठवते. या वेळची रचना वेगळीच निघाली. पानभर चौकटी. चौकटीत चार-पाच सूर, पुढं नागमोडी रेघ आणि खाली सूचना: गायिकेचा हात खाली येईपर्यंत हवं तितक्या वेळा वाजवा. याला त्यांच्यात एलिअटोरिक म्हणतात. मी मनात म्हटलं, बाई, आमच्या भीमगीतांच्या गायनपार्टीत बाबा चाळीस वर्षं हेच करतायत. लोक रंगलेत तोवर ओळ सोडत नाहीत, आणि वाजवणाऱ्यांनी त्यांच्या हाताकडं बघायचं.

पण सॉफ्टवेअरला "हवं तितक्या वेळा" कळत नाही. त्याला मात्रा मोजून लागतात. एक कमी पडली की लगेच तिथं विरामाचं चिन्ह आणून बसवतं, शाळेतल्या मॉनिटरसारखं. मी चिन्हं लपवली, उभ्या रेघा काढल्या, नागमोडी रेघ स्वतः ओढली. दिसायला झकास झालं, पण वाजेना. मॅडमना तर ऐकायचं होतं. म्हणून खाली एक लपवलेली ओळ घातली आणि तिच्यात तोच तुकडा सात वेळा लिहिला. ती फक्त कॉम्प्युटरनं वाजवायची, छापायची नाही.

छापली गेली. पाच जणांच्या पानांवर चौकटीऐवजी तीच आली. फक्त इंद्रजीत म्हणून व्हायोलिनवाला आहे, त्याचं पान बरोबर गेलं.

गुरुवारी तालीम होती, मी व्हिडिओ कॉलवर. सुलेखाताई गात होत्या. सातव्यांदा तुकडा संपला आणि पाच जण एकदम थांबले. ताईंचा हात वरच. इंद्रजीत एकटा त्यांच्याकडं बघत वाजवत राहिला. सगळे त्याच्याकडं वळले. बिचारा गज खाली घेऊन म्हणाला, "सॉरी, माझंच काहीतरी चुकलं असेल."

दादा, हे तुझं वाक्य आहे.

माझ्या तोंडून निघालं, "नाही, तोच बरोबर आहे. पानं मी चुकवलीत." मॅडम म्हणाल्या, "बरं, नवीन पाठव," आणि चहाला उठल्या. बस, एवढंच. मी कॅमेरा बंद करून रडले.

आता जे इतकी वर्षं गिळून बसलेय ते लिहिते. त्या भीमजयंतीला मी पहिल्यांदाच पार्टीत कीबोर्डवर बसले होते. जाम घाबरलेली. अख्ख्या गाण्याचा ठेका घरूनच कीबोर्डमध्ये भरून आणला होता, कोणती ओळ किती वेळा ते मोजून. मोजून भरलंय हे कुणाला सांगितलं नाही, हुशारी दाखवायची होती. तेवढ्यात पुढच्या म्हाताऱ्या बाया उभ्या राहिल्या, आणि बाबांनी ओळ परत घेतली, आणखी घेतली. तू बेंजोवर, बाबांच्या हाताकडं बघून त्यांच्यासोबत राहिलास. ठेका मात्र पुढच्या अंतऱ्यात निघून गेला. मला कळलं होतं. त्याच क्षणी कळलं होतं. आणि मी तुझ्याकडं बघून मान हलवली, जणू तूच तालातून सुटलास.

बाबा माइकवरच म्हणाले, "आकाश, ताल बघ रं! मशीन कसं चुकंल?" मंडप हसला. मीही हसले. तू म्हणालास, "माझंच काहीतरी चुकलं असंल," आणि महिन्याभरात शिफ्टचं निमित्त करून बजाजनगरला खोली घेतलीस.

तू चुकला नव्हतास. एका मात्रेनंही नाही.

काल सकाळी बाबांना सांगितलं. ते दाढी करत होते, अर्ध्या तोंडाला फेस. म्हणाले, "म्हंजी पोरगं माझ्याबरं व्हतं?"

"व्हय, बाबा."

"शेवटपत्तोर?"

"शेवटपत्तोर."

तसेच खाटेवर बसले. "इतकी वर्सं मला वाटायचं, मीच त्याला नीट शिकवलं नाय." डोळ्यांत पाणी आणि हसू एकदमच. मग मला पोटभर शिव्या घातल्या, त्या मी खाल्ल्या. दिवसभर भेटेल त्याला सांगत होते, "आमचा आकाश बराबर व्हता." किराणावाल्याला तर काय प्रकरण आहे तेही कळलं नाही, तरी तो हो म्हणाला.

मला कित्येक दिवसांनी नीट भूक लागलीय. तू चिडशील, चीड. महिनाभर बोलू नकोस. पण आपल्याला ताल नाही, हे जे मनात धरून बसलायस ते आजच्या आज टाकून दे. ते माझं होतं, मी तुझ्या माथी मारलं.

बाबा मघापासून पेन मागतायत. खाली थोडी जागा सोडते.

तुझ्याशी खोटं वागलेली,
तुझीच करुणा

आकाश, बराबर तूच व्हता. मीच ऐकलं नाय.
— तुझा बाप