दाराजवळचा डबा

रविवार, संध्याकाळ

सकाळी नंदीबैलवाला आला. मी सूपभर तांदूळ घेऊन गेलो, तर विचारतो, "घरचा हाय का रेशनचा?"

शेजारचे बाळूदादा ओटीवर चहा पीत होते. म्हणाले, "मागायला आला आणि वर चौकशी?"

मी म्हटलं, का नाय विचारायचं? त्यालाही चव कळते. वाद चांगला रंगला. शेवटी दादा हसले, "बरं रे बाबा, तुझंच खरं."

तोवर नंदीबैलवाला तांदूळ झोळीत घेऊन, उत्तराची वाट न बघता निघून गेला होता.

आमच्या शेतातल्या तांदळाचा डबा आतल्या खोलीत असतो. रेशनचा दाराजवळ. हात दाराजवळच्याच डब्यात गेला, हे मी दादांना सांगितलं नाही. त्यांनीही विचारलं नाही. त्यांच्याही दाराजवळ तसाच डबा आहे.