बेसिनखालचे दोन कॅन

मंगळवार, संध्याकाळ

माझे दोन्ही कॅन रिकामे! शिप्रा नदीचं पाणी तपासल्यावर लॅबमध्ये उरणारं पाऱ्याचं, तेजाबाचं पाणी मी त्यांत साठवत होतो. असलं विषारी पाणी नेणारी गाडी येईल म्हणून. उद्या साहेब लॅबच्या तपासणीला येणार, तर सरांनी आज सगळं बेसिनमध्ये ओतून टाकलं.

“भरलेले कॅन पाहून साहेब शंभर सवाल करतील, भैया.”

“पण सर, हे नाल्यातून शिप्रेतच...”

“बारावी तर निघाली नाही तुझी, मला केमिस्ट्री शिकवतोस? जा, रामघाटवरून नदीचा नमुना घेऊन ये.”

आणला. काय तपासायचं आता त्यात? कॅनही मलाच धुवायला लावले.

उद्या साहेबांनी विचारलं तर खरं सांगेन, नोकरी गेली तरी. सांगेन ना? साहेबांनी विचारूच नये, असं आत्तापासून वाटतंय. सरांपेक्षा माझ्या या वाटण्याचाच राग येतोय.