डब्ब्याची चावी अन् गणपतभाऊ

१२ नोव्हेंबर २००९, गुरुवार. वडसा
पुन्हा गेलं. सावरटोल्याच्या मंडईच्या जत्रेतलं नाटक गेलं हातचं. हे तिसरं गाव. काल सांजच्याले आमच्या यांनी कॉम्प्युटरात लिहिलं, ‘सावरटोला, बोलणं बाकी’. आज सकाळी आमची जीप पोचते त शेजारच्या कंपनीचे बंडूभाऊ तिथं आधीच सरपंचाच्या ओसरीत पोहे खाऊन राह्यले. नाटक कंपनी आहे का चहाटपरी? समोरच्या खोलीत हापीस, मागं आमचा संसार, मधात साऱ्या गावाचं येणंजाणं. कोणीतरी फुटलं आहे. सोडणार नाई.

१३ नोव्हें., शुक्र.
गणपतभाऊले बोलली. तालमीत, आठ जणाईसमोर. रोज सांजच्याले कॉम्प्युटरापाशी यांच्याजवळ तेच बसतात, अन् चहा पेतात बंडूभाऊकडं. म्हणलं, "मीठ आमचं अन् खबर त्याईले?"
पेटी थांबली. "बाई, तुमाले असं वाटते?"
"वाटते."
भाता बंद केला, चप्पल घातली, गेले. बावीस वर्सं आमच्याकडं पेटी वाजवली त्याईनं. हे म्हणत होते, थांब, थांब. मी काय थांबते.

१५ नोव्हें., रवि.
कॉम्प्युटर क्लासवाली वैशाली आली. "जयभीम, बाई." माहेरच्या गावी नाटक पायजे, २६ ले. हे आंघोळीले गेले होते म्हणून ओसरीत बसवली. पोरीनं आपला लॅपटॉप उघडला. मी चहा घेऊन येते त हसून राह्यली.
"बाई, २६ तारीख खाली आहे तुमची. २७ ले इंदोरा, बोलणं बाकी."
"कोणी सांगतलं तुले?"
"कोणी नाई. इथी बसूनच दिसून राह्यलं."

दिवाळीत आमच्या पोरीनं, मीनूनं, नागपूरहून बिनतारी डब्बा आणला, मागच्या खोलीतही नेट चालावं म्हणून. पासवर्ड यांनी ठेवला. यंदाच्या नाटकाचं नाव, ‘इमानदार जावई’, इंग्रजी अक्षरात. कोणी विसरू नये म्हणे! अरे, तेच नाव आमची जीप भोंग्यावर दिवसभर वडशात बोंबलून राह्यली. भिंतीभिंतीवर लावलं आहे. वैशाली म्हणे, "मी पह्यल्याच दमात टाकलं, बाई."
वरून तारखांची फाईल सगळ्याईले खुली. मागच्या खोलीतून दिसावी म्हणून.
गणपतभाऊले त इंग्रजी अक्षर वाचता येत नाई. माउसले हात लावत नाई तो माणूस.


१६ नोव्हें., सोम.
वैशाली क्लास सुटल्यावर आली. दोन घंटे बसली. डब्ब्याच्या आतलं कुलूप जुन्या पद्धतीचं होतं, लवकर फुटते म्हणे, ते नवीन केलं. डब्ब्याचा सोताचा पासवर्ड कारखान्यातून आला तोच होता, खाली चिकटवलेला, तो बदलला. फाईल बंद केली. नवी चावी, म्हणजे पासवर्ड, माझ्याकडून ठरवून घेतली. नाव नाई, नाटक नाई, मोबाईल नंबर नाई, लांब पायजे. या वहीतही लिहिणार नाई.
हे चिडले. "मालक मी का तू?"
म्हणलं, "मालक तुमी. चावी माझी."
पोरीले जेवू घातलं. चौथी शिकलेल्या बाईले तिनं एकडाव नाई, चारडाव समजावलं, तोंड वाकडं न करता. माझ्या पोटच्या पोरीलेही एवढा धीर नाई. भलं होवो तिचं.

१७ नोव्हें., मंगळ.
बंडूभाऊ सकाळीच कुंपणापाशी. "वहिनी, नेट बंद पडलं का तुमचं?"
"आमचं चालू आहे. तुमचं पडलं."
निर्लज्ज हसले. "दार उघडंच होतं, वहिनी. नजर गेली."
"नजर गेली, मग जीप काऊन गेली?"


१८ नोव्हें., बुध.
तालमीत त्याच आठ जणाईले बसवलं. सांगतलं, चूक माझी. गणपतभाऊचा काही दोष नाई.  
मी एकोणीस वर्साची होती तेव्हा लाखांदुराकडच्या एका खेळात माझा आवाज फाटला. गणपतभाऊनं पेटीवर गाणं दोन पट्ट्या खाली घेतलं, चालत्या गाण्यात, असं की कोणाले कळलं नाई. नंतर बोलूनही दाखवलं नाई कधी. तवापासून माझं पोट गाण्यावर चाललं. उपकार आहेत. कधी तोंडानं म्हणली नाई मी.

२० नोव्हें., शुक्र.
एस्टीनं त्याईच्या गावी गेली. भाऊ घरामागं जाळं विणत होते. तळ्यावर मासे धराले जातो म्हणे आता पोराईसोबत. वहिनीनं चहा देला. मी बोलली सगळं, डब्बा, चावी, बंडूभाऊ. ऐकलं. जाळ्यातून नजर काढली नाई.
"बाई, डब्ब्यानं सांगतलं म्हणून आल्या. डब्ब्यानं नसतं सांगतलं त?"
मी कप ठेवला अन् परतीची एस्टी धरली. 

२२ नोव्हें., रवि.
चिठ्ठी लिहिली, त्याईच्या गावच्या दूधवाल्याजवळ देली. नक्कल ठेवते.
‘गणपतभाऊ, तुमी विचारलं त्याचं उत्तर हे, की नसतीच आली. खोटं बोलणार नाई. मी अशीच आहे, तुमाले माहीत आहे. पण आता आली होती, अन् परत येईन. २६ ले वैशालीच्या माहेरी खेळ आहे, जीप दुपारी निघते. दुसरा पेटीवाला मी शोधला नाई. बुधवारपर्यंत सांगा, येता का नाई. नाई म्हणाचं असन त चिठ्ठी नको, इथी येऊन माझ्या तोंडावर म्हणा. बुधवार, दिवस बुडायच्या आत.’