क्लुस्कीचा दुसरा घाणा

रिब्निक, ६ मे

प्रिय ट्रूडामावशी,

आधी घडलं ते क्रमानं लिहिते.

१. रविवारी, ४ मेला, दामियानचे आईवडील आमच्याकडे जेवायला आले. दामियानशी माझं लग्न १४ जूनला आहे.
२. जेवणाला बटाट्याच्या गोळ्यांच्या क्लुस्की मी एकटीनं केल्या. पहिला घाणा फेकावा लागला.
३. दुसरा जमला.
४. जेवताना मी तुझ्याबद्दल एक वाक्य बोलले, तुला न विचारता. ते मला मागे घ्यायचं नाही. पण तुझ्या होकाराशिवाय ते अर्धवट आहे.

पहिला घाणा बिघडला तो माझ्या हुशारीमुळे. उकडलेल्या बटाट्याचा चौथा भाग काढायचा आणि तिथे स्टार्च भरायचा, एवढं मला पक्कं आठवत होतं. प्रयोगशाळेत काम करणाऱ्या बाईला चौथा भाग म्हटलं की तराजू आठवतो. किलोभर बटाट्याला मी अडीचशे ग्रॅम स्टार्च घातला, तोही दोनदा मोजून. गोळे इतके सारखे झाले की मी खूष झाले. बाबांनी एक तोंडात टाकला, बराच वेळ चावला आणि म्हणाले, "साबिना, असे गोळे असते ना, तर खाणीत छताला टेकू लावायला लाकडं लागली नसती." मग लक्षात आलं. चौथा भाग वाडग्यातल्या जागेचा असतो, आणि तेवढ्याच जागेत स्टार्च वजनानं बटाट्यापेक्षा बराच कमी मावतो. नंतर मोजलं तर एकशे पासष्ट ग्रॅम भरला. तू हे कधी समजावून सांगितलं नाहीस. "डोळ्यानं बघ, बाई," एवढंच म्हणायचीस.

पाहुणे यायला चाळीस मिनिटं होती. तराजू कपाटात ठेवला. कुस्करलेला बटाटा तळव्यानं सपाट दाबला, सुरीनं चार भाग केले, एक उचलून बाकीच्यांवर टाकला, रिकाम्या जागेत काठोकाठ स्टार्च भरला. पाणी उकळायला लागलं तेव्हा उर्शुलाबाई, म्हणजे दामियानची आई, थेट स्वयंपाकघरात आल्या. लवकर आल्या, मुद्दाम. "मी काही बघत नाही हं, तुझं चालू दे," असं म्हणून माझ्या खांद्यावरून बघत उभ्या राहिल्या.

आणि त्यांना ते दिसलं. गोळ्याला रश्श्यासाठी खळगा सगळे अंगठ्यानं पाडतात. मी तर्जनी दुमडून तिच्या सांध्यानं पाडत होते. बेकरीच्या यंत्रात तुझ्या अंगठ्याचं टोक गेलं, म्हणून तू तसं करायचीस. माझे दोन्ही अंगठे शाबूत आहेत. मी तसं करते हे मला त्या क्षणापर्यंत माहीत नव्हतं.

जेवणाच्या टेबलावर उर्शुलाबाईंनी विषय काढलाच. "असा खळगा मी जन्मात पाहिला नाही. पण रस्सा धरतो बरं का! कुणी शिकवलं गं? आईनं?" मी म्हटलं, "हो. आईनं. ओपोलेला असते." बाबांनी काटा खाली ठेवला. उर्शुलाबाई म्हणाल्या, "मग तिला सांग, माझ्या नवऱ्यानं चौदा खाल्ल्या. माझ्या हातच्या दहाच्या पुढे कधी गेला नाही मेला."

पाहुणे गेल्यावर बाबा म्हणाले, "अगं, तिला विचारलंस तरी का?" तसं पाहिलं तर त्यांचं बरोबर होतं. तुमचं दोघांचं का पटलं नाही, ते मी त्यांना विचारलं नाही आणि तुलाही विचारणार नाही. माझा हिशेब वेगळा आहे. आई गेली तेव्हा मी सात वर्षांची होते. बाबांच्या संसारात तू आलीस तेव्हा आठ. अकरा वर्षं मी तुला मावशीच म्हटलं, आणि तू निघालीस त्या दिवशी दारात विचारलंस, "रविवारी फोन करू का?" तेव्हा मी म्हटलं, "गरज नाही." तुझी नाताळची सहा कार्डं आली. उत्तर एकालाही दिलं नाही. ते चूक होतं. याहून लांब माफी मला लिहिता येत नाही.

उर्शुलाबाईंना सोमवारी फोन करून खरं ते सांगितलं, की एक आई स्मशानभूमीत आहे आणि दुसरी ओपोलेला. त्या म्हणाल्या, "मग त्यात खोटं काय बोललीस, पोरी? मला विचारायचंय ते वेगळंच. आशीर्वादाला कोण उभं राहणार?"

त्यासाठीच लिहिते आहे. १४ जूनला सकाळी दहा वाजता, चर्चला निघण्याआधी, मी आणि दामियान आमच्या बैठकीच्या खोलीत गुडघे टेकू. बाबा माझ्या कपाळावर क्रूस काढतील. त्यांच्यानंतर आईनं काढायचा असतो. बाबांनी आत्याचं नाव सुचवलं, मी नको म्हटलं. आत्या चांगली आहे, पण ती जागा तिची नाही. तू ये आणि उभी राहा. बाबांना मी सांगितलं आहे, त्यांची हरकत नाही, आणि असती तरी मी हे पत्र टाकलंच असतं. शुक्रवार, १६ मेपर्यंत कळव.

तुझीच,
साबिना