काट्यातच खोट आहे

१ सप्टेंबर
आजपासून जंक फूड बंद. कायमचं.
कंपनीचा नवा नियम: शिडीवर चढणाऱ्याचं वजन शंभर किलोच्या आत हवं. शिडी एकशेवीस पेलते, त्यातले वीस हत्यारांचे. तीस तारखेला कंपनी सांगेल त्या दवाखान्यात वजन. जास्त भरलं तर मी ऑफिसात, टेबलावर, मेहुण्याच्या हाताखाली. हिचा धाकटा भाऊ. त्याला नोकरीला मीच चिकटवला. बावीस वर्षं मी कारखान्यांतल्या उंच टाक्यांचे वजनकाटे दुरुस्त करतोय, आणि हा मला फाईल कशी लावायची ते शिकवणार!
घरचा काटा १०४ दाखवतो. चार किलो म्हणजे माझ्या हातचा मळ.

२ सप्टेंबर
चिप्स, क्रीमची बिस्किटं, चॉकलेटं घरातून हद्दपार. पण अन्न फेकायचं नाही, ही आईची शिकवण. म्हणून संपवली. आता घर शुद्ध.

३ सप्टेंबर
बदाम, अक्रोड, खजूर आणले. दुकानदाराने विचारलं, घरी कार्य आहे का. हेल्थ कशाशी खातात हे लोकांना माहीतच नाही.
आज दवाखान्यांची ड्यूटी. सहा काटे तपासले, स्टिकर लावले. एका ठिकाणी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पाव किलो कमी दाखवतो, चालेल तसं. चालेल काय? उघडून चोख करून दिला. काट्याने खोटं बोललेलं मला खपत नाही.

६ सप्टेंबर
सुकामेवा एका वेळी तीस ग्रॅम, असं कंपनीने वाटलेल्या आहाराच्या पत्रकात आहे. ऑफिसातला नाजूक काटा घरी आणला. वाटी ठेवली, झिरो केलं, तीस ग्रॅम बदाम. खाल्ले. परत झिरो, परत तीस. आकडा एकदाही तीसच्या वर गेला नाही. शिस्त म्हणजे शिस्त.
अर्ध्या किलोचं पाकीट कुठे गेलं, असं ही विचारत होती. हिला झिरो करण्याचं शास्त्र समजावलं. समजलं नाही.

९ सप्टेंबर
१०५.२. आठवडाभर हेल्दी खाऊन वाढलं? शक्यच नाही. काट्यातच खोट आहे. घरगुती माल, स्प्रिंग ढिली. मागचा स्क्रू पाव फेरा फिरवला. १०१.७! डाएट लागू पडतंय.

१० सप्टेंबर
ही काट्यावर उभी राहिली आणि किंचाळली. म्हणाली, अहो, माझे साडेतीन किलो उतरले, आणि मी तर काल केक खाल्ला होता. खूप खूश होती. दिवसभर गुणगुणत होती. घरात एक माणूस शिस्तीत वागला की सगळ्यांना फायदा होतो.
मग म्हणाली, पिठाचा डबा ठेवून बघूया का. काटा कपाटावर ठेवला. उगाच खेळायची वस्तू नाही ती.

१५ सप्टेंबर
दोन नंबरच्या टाकीवर काम. चाळीस पायऱ्या. वर पोचलो की वारा लागतो, सगळं गाव पायाखाली दिसतं, आणि खालून कुणी हाक मारली तरी ऐकू येत नाही. मला ही जागा फार आवडते. हे कुणाला सांगितलेलं नाही.
सेफ्टीवाल्या साहेबांनी विचारलं, एवढी धाप का लागली. म्हटलं, पोटात नुसतं गाजर आहे.
खोटं नाही. नुसतं गाजर घशाखाली उतरत नाही म्हणून सोबत चीज डिप. पण गाजर संपतं तेव्हा डिप उरतं, डिप संपतं तेव्हा गाजर उरतं. दोन्ही एकदम संपेपर्यंत माणसाने उठायचं कसं?

२१ सप्टेंबर
मेहुण्याचा फोन. भाऊजी, तुमच्यासाठी खिडकीजवळची जागा ठेवलीय, खुर्ची मुद्दाम मजबूत मागवलीय. मुद्दाम! रागाने दोन बर्गर खाल्ले. रागातलं खाणं धरत नाहीत.

२९ सप्टेंबर
हवा बदलल्यामुळे काटा पुन्हा थोडा अॅडजस्ट करावा लागला. ९९.६. जिंकलो! शुगर-फ्री केक आणून साजरं केलं. हिला नको होता, म्हणून अख्खा मीच. साखरच नाही तर वजन येणार कुठून?

३० सप्टेंबर, दुपार
१०८.४.
म्हटलं, काटा बिघडलाय. बावीस वर्षांचा अनुभव सांगितला. हे काटे कसे फसवतात, तेही सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि काट्याच्या बाजूला बोट दाखवलं. स्टिकर. तीन सप्टेंबर. ‘अचूक’. खाली सही माझी.
त्या म्हणाल्या, तुम्हीच तर पाव किलोची चूक काढून दिली होतीत. मग आता काय लिहू? तपासणी चुकली होती असं लिहू का?
लिहा म्हटलं असतं तर दुसरीकडे वजन झालं असतं. पंधरा दिवस मिळाले असते. तोंड उघडलं होतं. पण बावीस वर्षांत माझ्या सहीखालचा काटा कधी खोटा निघालेला नाही.
म्हटलं, काटा बरोबर आहे.

१ ऑक्टोबर
खुर्ची खरंच मजबूत आहे. खिडकीतून दोन नंबरची टाकी दिसते. कुणीतरी वर चढत होतं. मेहुण्याने पहिलं काम दिलं: सप्टेंबरच्या स्टिकरांच्या नोंदी तारखेप्रमाणे लावायच्या.
संध्याकाळी घरचा काटा कपाटावरून काढला, स्क्रू होता तिथे आणला. १०८.४. हिला खरं काय ते सांगितलं. हिने विचारलं, म्हणजे माझे साडेतीन किलोही परत आले का?
म्हटलं, आले.