आमच्या न्हाणीघरामागचा महाप्रवाह

२ एप्रिल
आजपासून रोजनिशी. ही कोणी वाचावी म्हणून नाही. भूजल खात्यात माझं बोलणं समजेल असा माणूस उरलेला नाही, म्हणून कागदाशी बोलायचं.

संकल्प : जूनपर्यंत विभागप्रमुख होणे. मूर्ख माणसांवर न चिडता त्यांची फक्त कीव करणे. सकाळी चालायला जाणे (उद्यापासून).

न्हाणीघर तुंबलंय. प्लंबरला बोलवा, प्लंबरला बोलवा, असं हिचं आठवडाभर चाललंय. ज्या माणसाने वीस वर्षं जमिनीखालच्या पाण्याचा अभ्यास केला, त्याने पाणी खाली जात नाही म्हणून प्लंबर बोलवायचा! ऑफिसच्या स्टोअरमधून माती काढायचं लांब गिरमिट आणलं, मोरीत घातलं आणि फिरवलं. आधी अडलं. मग अंगातला सगळा जोर लावला, तेव्हा आत कुठेतरी कटकन वाजलं आणि मोरीभर पाणी घटाघट खाली गेलं. आता तर बादली उपडी केली तरी थेंब राहत नाही. हिला दाखवलं. ही म्हणाली, एवढं पाणी जातंय ते ठीक आहे, पण जातंय कुठे? बायकांना कौतुक करताच येत नाही.

५ एप्रिल
चालायला गेलो नाही. चपलेचा अंगठा तुटलाय.

क्वार्टरच्या मागे, न्हाणीघराच्या भिंतीला लागून खात्याची एक निरीक्षण विहीर आहे. विहीर म्हणजे नुसता बोअर, आत टेप सोडून पाण्याची पातळी मोजायची. वर्षानुवर्षं ती खालीच चाललीय. एवढी जवळ असूनही मी तिच्याकडे ढुंकून पाहत नाही, ते कारकुनी काम आहे. आज मोजणारा रजेवर, म्हणून स्वतः टेप सोडला. पातळी वर! भर एप्रिलात! सगळ्या जिल्ह्याचं पाणी तळाला गेलंय आणि माझ्या विहिरीचं हातभर वर.

पुन्हा मोजलं. तेच.

७ एप्रिल
आजही वर. झोप नीट नाही. डोक्यात एकच विचार : खोल खडकाखालून, दूरच्या डोंगरातून येणारा एक महाप्रवाह. आजवर कोणाच्या लक्षात आला नाही, कारण लक्षात यायला आधी लक्ष लागतं.

ऑफिसात कोणाला बोललो नाही. विशेषतः मॉडेलबाईला. ही आमची नवी भूवैज्ञानिक. दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसून जमिनीखालच्या पाण्याचं रंगीत चित्र काढते आणि त्याला मॉडेल म्हणते. आयुष्यात कधी हात मातीत घातलेला नाही. (परवा बुटांना चिखल दिसला. मुद्दाम लावला असणार.) तिला रिग हवीय. रिग म्हणजे बोअर मारायचा ट्रक, आणि खात्याकडे चालू स्थितीतली रिग एकच. टेकडीवरच्या वस्तीला टँकरचं पाणी पुरत नाही, तिथे अमुक जागी बोअर मारला तर पाणी लागेल असं तिचं चित्र सांगतं. चित्र!

११ एप्रिल
सासरे आले. महिनाभर मुक्काम. रिटायर्ड हेडमास्तर. सकाळ-संध्याकाळ तासभर आंघोळ, वर मोठ्याने पाढे म्हणतात. टाकी रिकामी करून बाहेर येतात आणि मला म्हणतात, जावईबापू, पाणी जपून वापरत जा, दिवस वाईट आहेत.

गुलाबाच्या वासाचा साबण सोबत घेऊन आलेत. सगळं घर घमघमतंय. डोकं दुखतं.

विहिरीची पातळी : कमरेएवढी वर. आनंदाला पारावार नाही.

१४ एप्रिल
मीटिंग. पातळीचा आलेख भिंतीवर लावला. मोठे साहेब चष्मा कपाळावर चढवून उठून जवळ आले. आलेख खालून वर जाताना त्यांनी नोकरीत बहुधा पहिल्यांदाच पाहिला असावा. प्रवाहाला शोधणाऱ्याचं नाव देण्याची पद्धत असते, हे मी सहज बोलता बोलता सांगितलं.

मॉडेलबाईने विचारलं, विहिरीजवळ एखादी पाइपलाइन वगैरे फुटली नाही ना? मी हसलो. तिथे फक्त माझं घर आहे, म्हणालो. सगळे हसले. तिने मात्र ते लिहून घेतलं. कीव आली.

१९ एप्रिल
सासरे आणि ही एका लग्नाला गेलेत, चार दिवस. घरात शांतता. मीही आंघोळीला फाटा दिलाय. शास्त्रज्ञाने शरीराचे फार चोचले करू नयेत.

पातळी खाली आली. दिवसभर जेवण गेलं नाही.

२१ एप्रिल
उलगडलं! प्रवाह श्वास घेतो. पाताळातला दाब कमी-जास्त होतो, तशी पातळी उतरते, पुन्हा चढते. ती उतरली यातच तिचं मोठेपण आहे. या विषयावर पेपर लिहायचा. शीर्षक लिहून झालं. बाकी उद्या.

२२ एप्रिल
लग्नाची मंडळी परतली. प्रवासाच्या धुळीने सासरे दोन तास न्हाणीघरात. पाढे एकोणतीसपर्यंत ऐकू आले.

पातळी पुन्हा वर. प्रवाहाने सोडलेला श्वास परत घेतला. पेपर नंतर, आधी पुरावा.

२३ एप्रिल
रंगचाचणी केली. पाण्याचा माग काढायचा असेल तर एका टोकाला हिरवा रंग सोडायचा आणि दुसऱ्या टोकाला तो निघतो का पाहायचं. खात्याची जुनी, विश्वासार्ह पद्धत. जीप घेऊन डोंगरात गेलो, ओढ्याच्या तळाशी एक भेग हेरून ठेवली होती, तिच्यात डबाभर रंग ओतला. वाऱ्याने निम्मा माझ्या अंगावर. हात, दाढी, शर्ट, कान, सगळं हिरवं. ड्रायव्हर परतीच्या वाटेवर दर वळणावर आरशात पाहून हसत होता. त्याचा कॉन्फिडेन्शियल रिपोर्ट लिहायचं काम माझ्याकडे असतं तर!

घरी येऊन कधी नव्हे ती तासभर आंघोळ. शर्ट तीनदा धुतला. मोरीतून हिरवंगार पाणी गिरमिटाच्या कृपेने झर्रकन गेलं. दमलो. झोपतो. रंग पोचायला महिने लागतील. धीर धरायचा.

२४ एप्रिल, सकाळी
हिरवी!!! विहीर हिरवी!!!

२४ एप्रिल, दुपारी
डोंगरापासून इथवर एका रात्रीत! जगात इतक्या वेगाने पाणी कोणी वाहताना पाहिलेलं नाही. सकाळीच हिला उठवून सांगितलं. ही माझ्या कानाकडे बघत म्हणाली, अहो, अजून मागे थोडा राहिलाय, नीट धुवा. इतिहास घडत असताना हिचं लक्ष माझ्या कानाच्या पाळीवर.

२५ एप्रिल
मीटिंग. टाळ्या. मॉडेलबाईने हिशोब मांडला की या वेगाने पाणी आलं असेल तर ते जवळजवळ खात्याच्या जीपच्या बरोबरीने आलं. मी म्हणालो, खात्याच्या जीपपेक्षा काहीही लवकर येतं. मोठे साहेब पोट धरून हसले आणि तिथेच निर्णय झाला : रिग टेकडीवर न जाता माझ्या विहिरीशेजारी येणार. खोल बोअर. पाणी लागलं की अख्ख्या शहराला.

मॉडेलबाई नंतर माझ्या टेबलाशी आली. वस्तीवर टँकर आता आठवड्याला एकच येतो, तिथली माणसं रिगची वाट पाहतायत, निदान आधी तिकडे जाऊ दे म्हणाली. मी तिला समजावलं, मोठं विज्ञान आणि छोटी निकड यात फरक करायला शिका. वही मिटून निघून गेली. पटलं असावं.

जिंकल्यावर मोठ्या मनाने वागायचं ठरवलंय.

२८ एप्रिल
आयुष्यातला सर्वोच्च दिवस.

रिग आली. मागच्या अंगणात छोटा समारंभ. फीत, खुर्च्या, फोटोग्राफर. मी विहिरीतून पहिला नमुना काढला, रंग आता उतरलाय, नुसती हिरवट झाक. एक ग्लास मी प्यायलो, एक मोठ्या साहेबांना दिला. त्यांनी डोळे मिटून घोट घेतला. म्हणाले, वा, किंचित सुगंध आहे. मी म्हणालो, खनिजांचा. वर बारीक फेस होता तो त्यांनी बोटाने दाखवला. दाबाखालचे वायू, मी म्हणालो. त्यांनी आग्रहाने दुसरा ग्लास मागितला. फोटो निघाला.

मॉडेलबाई आणि प्रयोगशाळेतला केमिस्ट (याला सगळे लिटमस म्हणतात, चेहरा तसाच फिका) यांना मी मुद्दाम ग्लास दिला. दोघांनी वास घेतला आणि प्यायले नाहीत. लिटमसने तर बाटलीत भरून नेलं. काही लोकांना आनंदाच्या क्षणीही काम सुचतं.

सासऱ्यांनी खिडकीतून विचारलं, जावईबापू, गर्दी गेली की मी आंघोळीला जाऊ का?

३ मे
रिग पाच दिवस चालतेय. कोरडी धूळ. कपडे, ताटं, अंथरुणं सगळीकडे दगडाचा भुगा. रिगवाला म्हणतो, साहेब, खाली काही नाही, निव्वळ खडक. रिगवाल्यांना घाई असते. महाप्रवाह म्हणजे काय नळ आहे, सोडला की आला?

धुळीमुळे सासरे आता तीनदा आंघोळ करतात. निरीक्षण विहिरीची पातळी विक्रमी. म्हणजे मी बरोबरच आहे.

मोठे साहेब रजेवर. पोट बिघडलंय. वय झालं की होतं.

६ मे
रिग अजून कोरडीच. वस्तीवरची काही माणसं ऑफिसच्या दारात येऊन बसलीत. मी मागच्या दाराने गेलो. शास्त्रज्ञाने गर्दीच्या दबावाखाली येऊ नये.

लिटमसने उद्या मीटिंगमध्ये रिपोर्ट मांडणार असल्याचं कळवलं. माझ्याशी बोलताना डोळे वर केले नाहीत. आदर वाटत असणार. उद्यासाठी चांगला शर्ट काढून ठेवलाय, हिरवा डाग कॉलरखाली झाकला जातो.

७ मे
लिहायची इच्छा नाही.

तरी लिहितो. लिटमसने रिपोर्ट वाचला. पाण्यात साबण आहे. साबणात गुलाबाचं अत्तर आहे. पांढरे केस आहेत. आणि खात्याचा हिरवा रंग आहे, पण डोंगरात ओतलेला रंग अजून तिथेच भेगेत साचून राहिलाय, हे मॉडेलबाई स्वतः जाऊन पाहून आली. पुढे स्रोत असा रकाना होता. त्यात माझ्या क्वार्टरचा नंबर आणि पुढे न्हाणीघर.

मोठे साहेब आजच रुजू झाले होते. त्यांनी शांतपणे विचारलं, म्हणजे मी जे प्यायलो ते. वाक्य पुरं केलं नाही. लिटमस म्हणाला, हो साहेब. साहेबांनी विचारलं, दोन्ही ग्लास? लिटमस म्हणाला, हो साहेब.

मी म्हणालो, एका नमुन्यावरून निष्कर्ष काढणं घाईचं होईल. कोणी हसलं नाही. मॉडेलबाईही हसली नाही. ती हसली असती तर मला तिचा तिरस्कार करता आला असता.

रिग हलवली.

९ मे
शेवटी प्लंबर. फरशी उखडली. मोरीचा पाइप कोपऱ्यात वळतो, तिथे न वळता सरळ खाली भोक गेलेलं, थेट विहिरीच्या कडेपर्यंत. प्लंबर बराच वेळ बॅटरी मारून पाहत राहिला. म्हणाला, एवढं सरळ भोक मी कधी पाहिलं नाही, हे कोणी केलं? मला नाही म्हटलं तरी बरं वाटलं. वीस वर्षांचा हात आहे. पण तेवढ्यात हिने कोपऱ्यातल्या गिरमिटाकडे बोट दाखवलं आणि सगळं सांगितलं, पहिल्यापासून. प्लंबर मोरीत बसूनच हसला. आत आवाज फार घुमतो.

सासऱ्यांना कळलं. दुखावले असतील वाटलं. उलट हरखलेत. फोन करकरून नातेवाइकांना सांगतायत की मोठ्या साहेबांनी दोन ग्लास मागून घेतले.

१८ मे
विहिरीची पातळी जुन्या जागी.

टेकडीवर मॉडेलबाईने दाखवलेल्या जागी पाणी लागलं. फार काही खोल नाही. तिला विभागप्रमुख केलंय. अभिनंदन करायला गेलो, शब्द जुळवून ठेवले होते : नशीब, योगायोग, टीमवर्क. ती म्हणाली, सर, बसा. गेल्या आठवड्यापासून तिच्याखेरीज मला कोणी सर म्हणत नाही. शब्द विसरलो.

२ जून
वस्तीवरच्या नव्या बोअरची पातळी मोजायची ड्यूटी माझ्याकडे. कारकुनी काम. गेलो. ड्रायव्हर वाटेत हसला नाही, तेही लागलं.

टेप सोडत होतो तोवर पंपाशी भांडी भरणाऱ्या एका म्हातारीने तांब्या पुढे केला. उन्हातून आलात, प्या म्हणाली. मी आधी वास घेतला. सवयच लागलीय. ती रागावली. वास कसला घेता, म्हणाली, चांगलं पाणी आहे. मग म्हणाली, हे एप्रिलातच लागायचं होतं. बोअरची गाडी इकडेच यायची होती, पण कोणा साहेबाने ती आपल्याच घरामागे नेऊन उभी केली म्हणे. सून पोटुशी, टँकरच्या रांगेत चक्कर येऊन पडली, चार टाके पडले कपाळावर. म्हातारी माझ्याकडे बघून म्हणाली, त्या साहेबाच्या घरात फार हाल असतील हो पाण्याचे, नाहीतर माणूस असं का करेल?

सांगायला तोंड उघडलं. मी उत्तम कारणं देतो, वीस वर्षं देतोय. एकही आठवलं नाही.

तांब्या हातातच होता. पाणी प्यायलो. कशाचाही वास नव्हता.