उपवासाला चालणारी गोळी

ती. आत्यास,

स्नेहलचा नमस्कार. गुडघे कसे आहेत? एकलहऱ्याचं ऊन ठाऊक आहे, दुपारी बाहेर पडू नकोस. तुझ्याकडे एक मागायचंय, पण ते सरळ लिहायला धीर होत नाही, म्हणून आधी सासूबाईंची गंमत.

महिनाभर गोळ्या देऊनही त्यांचं बीपी उतरेना. मागच्या महिन्यात एका गुरुवारी दवाखान्यातल्या लता सिस्टरनी गोळ्यांची पाकिटं घेऊन बोलावलं. सासूबाईंनी, म्हणजे आमच्या कुसाबाईंनी (चाळीस वर्षं बाजारात मेथी विकलेली बाई, हटते कुणापुढे?) पिशवी टेबलावर उलटी केली. तिसांतल्या अकरा शिल्लक! सिस्टर रागावल्या नाहीत. त्यांनी भिंतीवरचं कॅलेंडर काढलं. चार सोमवार, चार गुरुवार, दोन एकादशा, एक चतुर्थी. बरोब्बर अकरा.

"मग उपवासाला गोळी कशी चालंल? ती काय साबुदाण्याची हाये?" सासूबाई म्हणाल्या. बाकावरच्या सगळ्या बायकांनी माना डोलावल्या. (मी खाली पाहिलं. उपवासाचे वेफर्स आणून देणारी मीच.)

"आजी, शेताचा बांध उपवासाच्या दिवशी काढून ठेवता का?" सिस्टरनी विचारलं.

"नाय."

"गोळी म्हंजे बांध. पाण्याला काय ठाव, आज गुरुवार हाये? गोळी चालती. वेफर्स न् खारे दाणे नाय चालत. अन् सैंधवबी मीठच."

सासूबाईंना पटेना. तेव्हा सिस्टरनी पर्समधून स्वतःच्या गोळ्यांचं पाकीट काढलं. "माझाबी आज गुरुवार," म्हणाल्या आणि सगळ्यांदेखत गोळी तोंडात टाकली. सासूबाईंनी उठून आपली पाण्याची बाटली त्यांच्यापुढे धरली. आत्या, एवढं सुंदर व्याख्यान मी आजवर ऐकलेलं नाही.

आता त्या देवपूजा झाली की गोळी घेतात, उपवासाला तर ठसक्यात.

तुझी,
स्नेहल

ता. क. त्या दिवशी सिस्टरनी सोबत आलेल्यांचंही बीपी मोजलं. माझं सासूबाईंपेक्षा जास्त. दोनदा परत बोलावून मोजलं, तेच. डॉक्टरांनी दिलेलं पाकीट आठ दिवस साड्यांखाली आहे, न फोडलेलं. एक गोळी घेतली की आपण आजारी ठरलो, असं वाटतं गं. घरात कुणाला बोलले नाही. तू पंधरा वर्षं बिनबोभाट घेतेस. रोज सकाळी फोन करून एवढंच विचारशील, "घेतली का?"

ता. क. दुसरा : यंदा कैरीचं लोणचं पाठवू नकोस. (लहान बरणी चालेल.)

ता. क. तिसरा : पत्र पाकिटात घालत होते, तर सासूबाई आल्या. तांब्याभर पाणी नि ते गोळ्यांचं पाकीट माझ्यापुढे ठेवलं. "साड्या ऊन द्यायला काढल्या व्हत्या. घे, माझ्यासमोर घे."

घेतली. तू फोन मात्र कर.